दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय

दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय (डी.एड.) व इतर हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी दिलेला सेवाविषयक कायद्यातील एक महत्त्वाचा निकाल आहे. नोकरीतून बेकायदेशीरपणे काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला परत कामावर घेताना मधल्या काळाचे वेतन द्यावे की नाही, द्यायचे असल्यास किती द्यावे आणि त्या काळात तो अन्यत्र कमावत होता की नव्हता हे कोणी सिद्ध करावे, या प्रश्नांची उत्तरे या निकालात एकत्र सापडतात. खटला महाराष्ट्रातील एका खासगी प्राथमिक शाळेतील शिक्षिकेचा होता. तथापि शाळा, महाविद्यालये, कारखाने, बँका आणि परिवहन महामंडळ अशा सर्व ठिकाणच्या बडतर्फीच्या वादांत तो आधार म्हणून सांगितला जातो. निकालपत्र न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांनी लिहिले आहे.

पार्श्वभूमी

शीर्षकात अध्यापक महाविद्यालयाचे नाव असले, तरी अपीलकर्त्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील नंदनवन विद्यामंदिर या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळा एका विश्वस्त संस्थेमार्फत चालविली जात होती आणि तिला शासनाचे अनुदान होते. त्या अनुदानात इमारतीच्या भाड्याचाही समावेश होता.

वादाचे मूळ अध्यापनात नव्हते. २००५ मध्ये महानगरपालिकेने शाळेची मालमत्ता व्यावसायिक धरून ७९,९७४ रुपयांच्या कराची मागणी केली. मुख्याध्यापिका याच संस्थेच्या अध्यक्षाही होत्या. त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांना पत्र लिहून या करापोटी दरमहा १,५०० रुपये देण्यास सांगितले. शाळेच्या इमारतीचा कर शिक्षकांनी आपल्या पगारातून का भरावा, हा साधा प्रश्न होता. अपीलकर्त्यांनी वर्गणी देण्यास नकार दिला. त्यानंतर त्यांना एकामागून एक २५ ज्ञापने देण्यात आली. त्यांनी दिलेली उत्तरे संस्थेने अमान्य केली आणि १४ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांना निलंबित केले.

जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी (प्राथमिक) या निलंबनास मान्यता दिली नाही आणि २० नोव्हेंबर २००६ च्या पत्राने प्रस्ताव परत पाठविला. संस्थेने त्याची दखल घेतली नाही. पुढे चौकशी समिती नेमून १५ जून २००७ रोजी त्यांची सेवा समाप्त करण्यात आली.

लागू असलेला कायदा

राज्यातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना 'महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. हा कायदा होण्यापूर्वी खासगी शाळेतील शिक्षकाची नोकरी बऱ्याच अंशी संस्थाचालकांच्या मर्जीवर अवलंबून असे. कायद्याच्या कलम ८ नुसार शाळा न्यायाधिकरणे स्थापन झाली. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झालेल्या कर्मचाऱ्याला आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत कलम ९ खाली अपील करता येते. ही मुदत फार आखूड आहे. संस्थेकडून तडजोडीची वाट पाहण्यात ती निघून जाण्याचा धोका असतो.

यवतमाळ जिल्ह्यातील खासगी शाळेच्या कर्मचाऱ्याचे असे अपील अमरावती येथील न्यायाधिकरणापुढे चालते. त्यावरील रिट याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते.

अपील मंजूर झाल्यास न्यायाधिकरण कर्मचाऱ्यास पुन्हा कामावर घेण्याचा, त्याचे थकीत वेतन देण्याचा किंवा शिक्षा कमी करण्याचा आदेश देऊ शकते. परत कामावर न घेता भरपाई द्यावयाची झाल्यास सेवा दहा वर्षे वा अधिक असेल तर बारा महिन्यांचे, अन्यथा सहा महिन्यांचे वेतन देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे.

न्यायाधिकरणाचा निकाल

औरंगाबादच्या शाळा न्यायाधिकरणाने २० जून २००९ रोजी सेवासमाप्तीचा आदेश रद्द केला. संस्थेची कृती मनमानी आहे, तीत नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग झाला आहे आणि केलेले आरोप क्षुल्लक आहेत, असे निष्कर्ष न्यायाधिकरणाने काढले. मधल्या काळात आपण कोठेही नोकरीस नव्हतो, असे अपीलकर्त्यांच्या वतीने सांगण्यात आले होते आणि संस्थेने ते खोडून काढले नव्हते. न्यायाधिकरणाने याची नोंद घेऊन पूर्ण थकीत वेतन मंजूर केले. पुढील संपूर्ण वाद या एका नोंदीभोवती फिरला.

उच्च न्यायालयात

संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका दाखल केली. एकल न्यायाधीशांनी २०११ मध्ये सेवासमाप्ती बेकायदेशीर असल्याचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु थकीत वेतनाचा आदेश रद्द केला. आपण बेकार होतो हे कर्मचाऱ्याने पुराव्याने सिद्ध करावयास हवे होते आणि तसा पुरावा आलेला नाही, असे कारण देण्यात आले. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या जे. के. सिंथेटिक्स विरुद्ध के. पी. अगरवाल (२००७) या निकालाचा आणि गडचिरोली जिल्हा परिषदेच्या प्रकरणातील उच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेण्यात आला.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, शिक्षिका निर्दोष ठरल्या, नोकरी परत मिळाली, पण संस्थेच्या चुकीमुळे गेलेल्या वर्षांचा भुर्दंड त्यांच्याच माथी राहिला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

सर्वोच्च न्यायालयाने 'पुनर्स्थापना' या शब्दाच्या अर्थापासून सुरुवात केली. कर्मचाऱ्याला पुन्हा त्या जागेवर आणणे म्हणजे बेकायदेशीर कृती झाली नसती तर तो ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत आणणे होय. नोकरी गेली की उत्पन्नाचा झरा आटतो आणि त्याची झळ एका व्यक्तीला नव्हे, साऱ्या कुटुंबाला बसते. मुलांचा पोषक आहार व शिक्षण अडते, उपासमार टाळण्यासाठी नातेवाइकांकडून उसनवारी करावी लागते. निर्दोष ठरल्यावर या सर्व काळाचे वेतन नाकारणे म्हणजे कर्मचाऱ्याला शिक्षा आणि चूक करणाऱ्या मालकाला बक्षीस देणे ठरेल, असा न्यायालयाचा युक्तिवाद आहे.

यापूर्वीचे दोन तीन-सदस्यीय पीठांचे निकाल न्यायालयाने आधाराला घेतले. हिंदुस्तान टिन वर्क्स (१९७९) प्रकरणात पूर्ण वेतन हा सर्वसाधारण नियम मानण्यात आला होता. कंपनीची आर्थिक स्थिती पाहून प्रत्यक्षात ७५ टक्के वेतन देण्यात आले. सुरेंद्रकुमार वर्मा (१९८०) हा दुसरा निकाल. पुढील काळात लहान पीठांनी या नियमाला बऱ्याच मुरडी घातल्या होत्या. प्रस्तुत निकालाने त्या सरळ केल्या.

बेकायदेशीर सेवासमाप्तीत सेवासातत्यासह पुनर्स्थापना आणि थकीत वेतन हा सामान्य नियम आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. सेवेचा कालावधी, गैरवर्तन झाले असल्यास त्याचे स्वरूप आणि मालकाची आर्थिक स्थिती या गोष्टी विचारात घेता येतात. चौकशी रीतसर होऊन केवळ शिक्षा अवाजवी ठरली असेल, तर पूर्ण वेतन न देण्याचा विवेक वापरता येतो. मात्र मालकाने कायद्याचा किंवा नैसर्गिक न्यायाचा उघड भंग केला असेल, अथवा कर्मचाऱ्याचा सूड उगवला असेल, तर पूर्ण वेतन देणेच योग्य होय. अशा वेळी केवळ वेगळे मत शक्य आहे म्हणून वरिष्ठ न्यायालयाने खालचा आदेश बदलू नये.

खटला लांबला हेही वेतन कापण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विलंबाचे मुख्य कारण न्यायव्यवस्थेतील अपुऱ्या सुविधा व मनुष्यबळ हे आहे. त्याचे प्रायश्चित्त कर्मचाऱ्याने का घ्यावे? शिवाय दीर्घ लढाईत नामांकित वकील लावण्याची ऐपत मालकाची असते, कर्मचाऱ्याची बहुधा नसते. पुन्हा कामावर घेतलेल्या कर्मचाऱ्यास सेवासातत्य हक्क म्हणून मागता येत नाही, हे जे. के. सिंथेटिक्समधील मत मोठ्या पीठांच्या निकालांशी विसंगत असल्याने ग्राह्य नाही, असेही जाहीर करण्यात आले.

अखेर उच्च न्यायालयाचा आदेश रद्द होऊन न्यायाधिकरणाचा आदेश पुन्हा लागू झाला. आदेशाची प्रत मिळाल्यापासून चार महिन्यांत पूर्ण वेतन न दिल्यास निलंबनाच्या दिवसापासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याज द्यावे लागेल आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही होऊ शकेल, असे संस्थेला बजावण्यात आले. निलंबनापासून या निकालापर्यंत पावणेसात वर्षे लोटली होती.

मधल्या काळातील नोकरी व सिद्धीचा भार

निकालाचा सर्वाधिक उद्धृत होणारा भाग हा आहे. 'मी नोकरी करीत नव्हतो' हे नकारात्मक विधान आहे. ते पुराव्याने कसे सिद्ध करणार? बेकारीचा दाखला कोणते कार्यालय देते? उलट 'हा अमुक ठिकाणी अमुक पगारावर होता' हे सकारात्मक विधान असून ते सिद्ध करणे तुलनेने सोपे असते. म्हणून न्यायालयाने क्रम असा ठरविला: आपण कोठेही कमावत नव्हतो, किंवा पूर्वीपेक्षा कमी वेतनावर होतो, असे कर्मचाऱ्याने प्रथम आपल्या अर्जात किंवा निदान जबाबात सांगावे. ते सांगितले की भार मालकावर जातो. पूर्ण वेतन टाळायचे असेल तर कर्मचारी अन्यत्र तेवढेच वेतन मिळवीत होता, हे मालकाने ठोस पुराव्याने दाखवावे.

यातील पहिली पायरी क्षुल्लक वाटते, पण ती चुकली तर पुढचे सारे डळमळते. अपिलात बडतर्फी कशी बेकायदेशीर आहे यावर पानेच्या पाने लिहायची आणि बेकारीचे एक वाक्य मात्र राहून जायचे, असे होऊ नये. तसेच मिळेल ते काम करून घर चालविले असेल तर तेही लपवू नये. किरकोळ कमाईने हक्क संपत नाही, खोटे विधान मात्र अंगाशी येते.

महाराष्ट्रातील शाळांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. १९८१ च्या नियमावलीनुसार निलंबित कर्मचाऱ्याला दुसरी खासगी नोकरी स्वीकारता येत नाही. म्हणजे आधी काम करू नका असे सांगायचे आणि नंतर काम केले नाही याचा पुरावा मागायचा. या निकालामुळे ही विसंगती पुष्कळशी दूर झाली.

क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि महाविद्यालये

शाळेच्या मान्य पदावरील शारीरिक शिक्षण शिक्षकाला वरील संरक्षण इतर शिक्षकांप्रमाणेच मिळते. वरिष्ठ महाविद्यालये मात्र या कायद्यात येत नाहीत. तेथील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अंतर्गत स्वतंत्र विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणे आहेत. यवतमाळची महाविद्यालये ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते या अधिनियमाखालीच येते.

मैदानावर शिकविणारा 'शिक्षक' ठरतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पी. एस. राममोहन राव विरुद्ध आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठ (१९९७) या प्रकरणात आला होता. खेळाचे नियम, कौशल्ये व तंत्र शिकविणे हेही अध्यापनच असून ते वर्गाच्या चार भिंतींत होत नाही एवढाच फरक आहे, असे मानून न्यायालयाने त्या विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण संचालकाला शिक्षकात गणले. वाद निवृत्तिवयाचा होता, पण त्याचा उपयोग पुढे व्यापक झाला. स्पर्धांच्या हंगामापुरता मानधनावर बोलाविलेला प्रशिक्षक मात्र मान्य पदावर नसल्याने सहसा या संरक्षणाबाहेर राहतो. जिल्ह्याच्या ठिकाणी संघ घडविणारे अनेकजण याच गटात मोडतात.

अमेरिकेतील एक उदाहरण येथे उद्बोधक आहे. कनेक्टिकट विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक केविन ऑली यांनी २०१४ मध्ये संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. मार्च २०१८ मध्ये नियमभंगाचे कारण दाखवून त्यांना काढण्यात आले आणि कराराची उरलेली रक्कम नाकारण्यात आली. ऑली यांना प्राध्यापक संघटनेच्या सामूहिक कराराचे संरक्षण होते. त्याच्या आधारे जानेवारी २०२२ मध्ये लवादाने त्यांना १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम देवविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते ब्रुकलिन नेट्स या व्यावसायिक संघाचे हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले. तेथे भांडण कराराच्या रकमेचे असते. आपल्याकडे ते पदावर परत येण्याचे आणि सेवासातत्याचे असते, कारण निवृत्तिवेतन व वेतनश्रेणी त्यावर अवलंबून असतात.

नंतरची प्रकरणे

२०१३ नंतर देशभरातील उच्च न्यायालयांनी व न्यायाधिकरणांनी हा निकाल मोठ्या प्रमाणावर वापरला आहे. तरीही प्रत्येक वेळी शंभर टक्के वेतन मिळतेच असे नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका बडतर्फ चालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रस्तुत निकालाची चर्चा करून ७५ टक्के थकीत वेतन मंजूर केले.