अवयवांच्या घनफळाचे गणित

घनाचे पातळ छेद कल्पून त्यांच्या क्षेत्रफळांवरून घनफळाचा विचार करण्याची रीत जुनी आहे. इटालियन गणिती बोनाव्हेंतुरा काव्हालिएरी याने १६३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला तत्त्वाचे रूप दिले. दोन घनांची उंची सारखी असून प्रत्येक पातळीवरील त्यांचे छेद समक्षेत्र असतील, तर त्यांची घनफळेही समान असतात, हे ते तत्त्व होय. जिवंत देहातील अवयवास मात्र ते लावता येत नव्हते. कारण देह न कापता त्याचे छेद मिळविण्याचे साधन नव्हते. साध्या क्ष-किरणचित्रात पुढच्या-मागच्या अवयवांच्या छाया एकमेकींवर पडतात.

ही अडचण गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मस्तकाचे छेदचित्र घेण्यात आले. निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या मापांवरून संगणकाने ते रचले होते. पुढे १९७९ मध्ये हेम्सफील्ड व त्यांचे सहकारी यांनी यकृत, मूत्रपिंड व प्लीहा यांची घनफळे अशा छेदांवरून काढून दाखविली. प्रत्येक छेदातील अवयवाची कडा रेखावयाची, आतील क्षेत्रफळास छेदांमधील अंतराने गुणावयाचे आणि सर्व गुणाकारांची बेरीज करावयाची, एवढीच ती रीत होती.

या बेरजेस १९८९ पासून निराळेच महत्त्व आले. त्या वर्षी ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका मातेच्या यकृताचा भाग तिच्या बालकास यशस्वीपणे बसविला. अशा शस्त्रक्रियेत काढलेला भाग लहान पडल्यास घेणाऱ्याच्या जिवास धोका असतो, आणि तो फार मोठा काढल्यास देणाऱ्याच्या. म्हणून शस्त्र हाती घेण्यापूर्वीच दोन्ही घनफळे ठाऊक असणे अगत्याचे ठरले. जपानमधील उराता प्रभृतींनी १९९५ मध्ये त्यासाठी एक सूत्र दिले. शरीराच्या पृष्ठफळाच्या चौरस मीटरांस ७०६.२ ने गुणून २.४ मिळविले असता यकृताचे प्रमाणभूत घनफळ मिलिलिटरांत येते. १.५ चौरस मीटर पृष्ठफळाच्या व्यक्तीस ते सुमारे १०६२ भरते.

सर्वांत कष्टाचे काम कडा रेखण्याचे. यकृत व जठर जेथे एकाच छटेत मिसळतात, तेथे रेषा कोठे ओढावी हे अनुभवी डोळाच ठरवी. २०१५ मध्ये फ्रायबुर्ग येथून प्रसिद्ध झालेल्या यू-नेटसारख्या पद्धतींनी हे कामही संगणकाकडे आले. तथापि, तो ते शिकला माणसांनी रेखलेल्या कडांवरूनच. गणना निर्दोष असली तरी रेषा चुकल्यास घनफळ चुकते. आणि येथे त्या चुकीचे मोल एका निरोगी दात्यालाही द्यावे लागते.