पारेषण उपकरणांचा अनियोजित खंड

वीजनिर्मिती केंद्रापासून वितरण जाळ्यापर्यंत उच्च दाबाने वीज नेणाऱ्या वाहिन्या, रोहित्रे, सर्किट ब्रेकर इत्यादींपैकी एखादे उपकरण अकस्मात सेवेबाहेर गेले, तर त्यास अनियोजित खंड म्हणतात. देखभालीसाठी पूर्वपरवानगीने घेतलेला खंड नियोजित होय. ठरावीक काळापैकी जितका काळ उपकरण वापरास सज्ज असते, त्याची टक्केवारी म्हणजे उपलब्धता.

उघड्यावरील वाहिन्यांत वीज कोसळणे, वादळ, तारांखाली पेटवलेले उसाचे पाचट आणि विद्युतरोधकांवर साचलेली धूळ यांमुळे दोष उद्भवतात. त्यांपैकी बरेचसे क्षणिक असल्याने ब्रेकर आपोआप पुन्हा जोडला जाऊन पुरवठा सुरळीत होतो. रोहित्रातील बिघाड मात्र क्वचित घडला, तरी दुरुस्तीस काही महिने लागू शकतात. म्हणून त्यातील तेलात विरघळलेले वायू वेळोवेळी तपासून आतील बिघाडाची चाहूल घेतली जाते.

कोणतेही एक उपकरण बंद पडले तरी उरलेल्यांनी भार पेलावा, हे जाळ्याच्या आखणीचे मूलतत्त्व आहे; परंतु एक वाहिनी आधीच बंद असताना दुसरी गेली, की ही तजवीज अपुरी पडते. 30 जुलै 2012 रोजी अनेक वाहिन्या बंद असताना बिना–ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्ट वाहिनीवरील रिलेने, म्हणजे दोष ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या यंत्रणेने, अतिभारालाच दोष मानून ती तोडली आणि उत्तर भारताचे जाळे कोसळले. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा–पडघे या 400 किलोव्होल्ट वाहिनीचे एक सर्किट बंद असताना दुसरेही गेले. मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून तिचा पुरवठा टिकवणारी व्यवस्थाही तग धरू शकली नाही आणि लोकल गाड्या थांबल्या.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या 2005 मधील विभाजनानंतर राज्यातील पारेषण प्रामुख्याने महापारेषणकडे, तर वितरण बहुतांशी महावितरणकडे आले. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावात वीज जाते, तेव्हा दोष बहुधा 33 किंवा 11 किलोव्होल्टच्या वितरण जाळ्यात असतो. पारेषणातील खंड विरळा, पण घडल्यास त्याची झळ अनेक तालुक्यांना एकदम बसू शकते. त्यामुळे पारेषणाची विश्वसनीयता केवळ उपकरणांच्या टिकाऊपणावर अवलंबून नसते. देखभालीसाठी एक वाहिनी बंद करताना दुसरीच्या संभाव्य बिघाडाचा हिशेब केला आहे की नाही, यावरही ती ठरते.