वेताळ, टेकडी आणि मावशी

ली फॉकचा ‘फँटम’ १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रांत अवतरला. टाइम्स समूहाने १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं आणि मराठीत तो ‘वेताळ’ झाला. आमच्या पुण्यात वेताळ टेकडीवर वेताळबाबाचं देऊळ आहे. भुतांचा हा राजा अंगाला घट्ट कपड्यांत, कमरेला पिस्तुलं लावून! मला हे नकळत झालेलं विडंबनच वाटतं. अभिजीत किणींच्या ‘अँग्री मावशी’त ते ठरवून आलं: भ्रष्टाचाऱ्यांवर तुटून पडणारी नायिका, तीही नऊवारीत. थट्टा मावशीची नाही; शौर्याला परदेशी पोशाखच हवा, या आपल्या समजुतीची आहे. इंद्रजाल १९९० मध्ये थांबलं, पण त्या जुन्या चित्रांवर आपला जीव जडलेला. म्हणून तर नक्कल पाहून हसू येतं.