दुष्काळ आणि पेशी

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांत जेऊर हें रेल्वेचें ठिकाण आहे. पुण्याहून येणारा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोहोंचला आणि हा मुलूख मुंबईच्या बाजारपेठेशीं जोडला गेला. सह्याद्रीनें पावसाचा मोठा वांटा घेतल्यावर जो उरतो, त्यावर येथील ज्वारी पिकते. तो उरलासुरला पाऊसहि १८७६ सालीं आला नाहीं. रेल्वेनें धान्य येत होतें. परंतु ज्याचें शेत करपलें आणि मजुरीहि बुडाली, त्याच्या गांठीं तें विकत घेण्यास दाम नव्हता. १८८१ ची शिरगणती झाली तेव्हां सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ पेक्षां पुष्कळच घटलेली आढळली. शतक संपतां संपतां आणखी दोन मोठे दुष्काळ येऊन गेले. आणि १९७२ सालीं खडी फोडण्याच्या कामावर राबलेलीं माणसें तर आजहि घरोघर वडीलकीच्या जागीं आहेत.

दुष्काळाचा हिशेब मृतांच्या संख्येवरून मांडण्याची रीत आहे. जे जगले त्यांचा हिशेब कोणत्या वहींत असतो? आणि त्या दिवसांत जीं मुलें आईच्या पोटांत होतीं, त्यांचा? ही वही कागदाची नसून पेशींची आहे, असें गेल्या कांहीं दशकांत शास्त्र सांगूं लागलें आहे.

शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत जनुकें तींच असतात. तरीहि यकृताची पेशी यकृताचें काम करते आणि डोळ्याची डोळ्याचें. एकच पोथी घरोघर असावी, पण एका घरीं एक अध्याय वाचला जावा आणि दुसऱ्या घरीं तोच रुमालांत बांधलेला राहावा, तसा हा प्रकार आहे. कोणता अध्याय उघडावयाचा आणि कोणता बांधून ठेवावयाचा, ह्या व्यवस्थेच्या अभ्यासास अधिजनुकशास्त्र म्हणतात. कॉनरॅड वॉडिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९४२ सालीं त्यास 'एपिजेनेटिक्स' हें नांव दिलें.

ही व्यवस्था चालते कशी? डीएनएचा लांबलचक धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. सोलापूरच्या मागावरील कांडीवर सूत गुंडाळावें तसा. हिस्टोनांवर ॲसिटिल गट चिकटले म्हणजे गुंडाळी सैल होते आणि तेथील जनुक वाचतां येतें. ते निघाले म्हणजे ती आवळली जाते. दुसरी खूण खुद्द धाग्यावर बसते. एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट जनुकाच्या आरंभीं चिकटला, तर तें जनुक बहुधा मुकें होतें. अक्षर एकहि बदलत नाहीं. बदलतें तें वाचन. पेशी दुभंगते तेव्हां मिथिलाची खूण नव्या पेशींतहि उतरवली जाते. म्हणूनच गर्भांत उमटलेली खूण वार्धक्यापर्यंत टिकूं शकते.

ह्याचा पुरावा हॉलंडनें दिला. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन नाकेबंदीमुळें तेथें उपासमार झाली. त्या काळांत गर्भधारणा झालेल्या व्यक्तींची साठ वर्षांनीं तपासणी केली असतां, वाढीशीं संबंध असलेल्या एका जनुकावर त्यांच्या भावंडांपेक्षां मिथिलाच्या खुणा कमी आढळल्या. हें संशोधन २००८ सालीं प्रसिद्ध झालें.

महाराष्ट्रांत प्रश्न निराळा होता. येथें भूक एका हिंवाळ्याची नव्हती. ती अंगवळणीं पडलेली होती. जेऊरवरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाशीं, पुण्याजवळील सहा खेड्यांत, के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथील बालकांचें जन्मवजन सरासरीं २.७ किलोग्रॅम भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५. परंतु हाडापेरानें किरकोळ व स्नायूंनीं दुबळ्या अशा ह्या बालकांच्या कातडीखालीं चरबी मात्र त्या मानानें राखलेली होती. मधुमेहाची वाट पाळण्यापासूनच सुरू होते, असें त्यावरून दिसूं लागलें. सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतें. हें जीवनसत्त्व दूध, अंडीं, मांस-मासळी ह्यांतून मिळतें. आणि मिथिल गट तयार होण्याच्या क्रियेंत फोलेटच्या जोडीला त्याची गरज असते. ज्या मातांत फोलेट भरपूर पण ब-१२ तोकडें होतें, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीं इन्सुलिनला सर्वांत अधिक विरोध आढळला.

पुण्याच्या संशोधकांचा मोठा वांटा असलेला एक प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटीं ठेवलेल्या उंदरांना पुढें दोन पिढ्या पुरेसा आहार दिला, तरी त्यांची प्रकृति सावरली नाहीं. इन्सुलिनच्या जनुकापाशीं हिस्टोनांवरील खुणा बदललेल्या होत्या.

म्हणून १८७६ ची भूक आज जेऊरच्या माणसांच्या रक्तांत आहे, असें म्हणावें काय? तसें म्हणणें घाईचें होईल. प्रत्येक नव्या जीवाच्या आरंभीं बहुतेक खुणा पुसल्या जातात, आणि माणूस म्हणजे उंदीर नव्हे. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. पोटांत मुलगी असतांना त्या गर्भांतच तिचीं बीजांडें तयार होतात. १९७२ सालीं खडीवर बसलेल्या गर्भवतीच्या ठायीं ती स्वतः, तिची मुलगी आणि पुढें जन्मावयाचें नातवंड, अशा तीन पिढ्या एकाच भाकरीवर बसल्या होत्या.

पोथीचीं अक्षरें कोणाच्या हातीं नाहींत. रुमालाची गांठ मात्र कांहीं अंशीं आहे. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत, १९९३ नंतर जन्मलेल्या मुलामुलींना, तीं आईबाप होण्यापूर्वींच, २०१२ पासून ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो ह्याच विश्वासानें. घरांत सर्वांचीं पानें वाढून झाल्यावर जी शेवटीं जेवते, तिच्या ताटांत काय उरतें, हा प्रश्न आजवर माजघराचा मानला गेला. तो इतिहासाचाहि आहे.