यकृतातील पहारेकरी : संयम आणि संरक्षण

पचनाला साह्य, साखरेचा साठा आणि विषारी द्रव्यांचा निचरा ही यकृताची कामे सर्वपरिचित आहेत. मात्र सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचेही मोठे ठाणे आहे, याची माहिती फारशी नसते. शरीरातील निरनिराळ्या अवयवांत कायम वस्तीला असणाऱ्या भक्षक पेशींपैकी ८० ते ९० टक्के पेशी एकट्या यकृतात असतात. शत्रूला रोखणे आणि निरुपद्रवी पाहुण्याला मुकाट्याने जाऊ देणे, अशी दुहेरी जबाबदारी या पेशींना पार पाडावी लागते. हा तोल बिघडला, की यकृताला आजार जडतो.

रक्ताचा संथ प्रवाह

यकृतातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्यातील जवळपास तीन चतुर्थांश रक्त 'पोर्टल व्हेन' या मोठ्या शिरेवाटे मुख्यतः आतड्यांकडून येते. पोषक द्रव्यांबरोबरच अन्नातील परकी प्रथिने आणि जिवाणूंचे अवशेषही त्यातून येतात. हे रक्त यकृतातील 'सायनुसॉइड' नावाच्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये पसरते. तेथे प्रवाह संथ असतो आणि वाहिन्यांच्या भिंतींना १०० ते १५० नॅनोमीटर व्यासाची छिद्रे असतात. त्यामुळे रक्तातील पेशी आणि यकृतपेशी एकमेकींच्या अगदी निकट येतात.

स्थायिक आणि फिरत्या पेशी

या वाहिन्यांमध्ये ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशींना 'कुफर पेशी' म्हणतात. रक्तातून वाहत येणारे जिवाणू आणि जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी त्या गिळंकृत करतात. त्यांचे पूर्वज गर्भावस्थेतच यकृतात येऊन स्थिरावतात आणि पुढे त्यांची संख्या बहुतांशी तेथेच विभाजनाने टिकून राहते.

त्यांच्या नावामागील इतिहास रंजक आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल कुफर यांनी १८७६ मध्ये यकृतातील ताऱ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेल्या पेशी 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या होत्या. भक्षक पेशींची योग्य ओळख पोलंडमधील क्राकूवचे तादेउश ब्रोविच यांनी १८९८ मध्ये पटवली. या दोन पेशींमधील फरक जपानचे केन्जिरो वाके यांनी १९७१ मध्ये स्पष्ट केला. तरीही भक्षक पेशींना कुफर यांचेच नाव कायम राहिले.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा वावर मात्र वेगळ्या प्रकारचा असतो. जिवंत उंदरांच्या यकृताचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करणाऱ्या संशोधकांना २००५ मध्ये असे आढळले, की 'नैसर्गिक मारक टी' पेशी वाहिन्यांच्या भिंतींवरून सरपटत गस्त घालतात. रक्तप्रवाहाच्या उलट दिशेनेही त्या जाऊ शकतात. हिपॅटायटिस-बी विषाणूविषयीचे एक निरीक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मारक टी पेशी वाहिनीत चिकटलेल्या बिंबाणूंच्या आधाराने थांबतात आणि छिद्रांतून आपले सूक्ष्म प्रवर्ध बाहेर काढून यकृतपेशींची तपासणी करतात, असे उंदरांमध्ये दिसून आले. रक्तवाहिनी न सोडताच हे काम साधते.

सहनशीलतेचा लाभ

आतड्यांकडून येणाऱ्या प्रत्येक परक्या कणावर हल्ला चढवला, तर यकृताला कायमची सूज येईल. म्हणूनच येथील पेशींचा कल संयमाकडे असतो. सर रॉय काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले, की डुकरांमध्ये प्रत्यारोपित केलेले यकृत अनेकदा प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांविनाही टिकते. माणसांमध्ये ही औषधे सहसा घ्यावीच लागतात. तथापि, काही निवडक रुग्णांमध्ये वैद्यकीय देखरेखीखाली ती बंद करणे शक्य झाले आहे. विशेष म्हणजे, प्रत्यारोपणानंतर दहा वर्षे उलटूनही दात्याच्या टी पेशी त्या यकृतात वास्तव्य करून असल्याचे आढळले आहे.

संयमाची किंमत

याच संयमाचा लाभ हिपॅटायटिस-बीचा विषाणू उठवतो. हा विषाणू स्वतः यकृतपेशींचा सहसा नाश करीत नाही. बाधित पेशी मारतात त्या शरीराच्याच टी पेशी. रक्ततपासणीत 'एसजीपीटी'चा आकडा वाढलेला दिसतो, तो या मृत पेशींमधून बाहेर पडलेल्या विकरामुळे. निरोगी प्रौढ व्यक्तीची प्रतिकारशक्ती बहुधा हे युद्ध जिंकते. प्रौढांमध्ये संसर्ग चिवट होण्याचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. जन्माच्या वेळी आईकडून बाधा झालेल्या बाळांमध्ये मात्र ते सुमारे ९० टक्के आहे. बाळाची अपरिपक्व प्रतिकारशक्ती या विषाणूला शत्रू मानून पुरेसा प्रतिकार करीत नाही. अशा संसर्गात वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या अर्धवट लढाईतूनच पुढे यकृत निबर होणे किंवा कर्करोग होणे हे धोके उद्भवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा चिवट संसर्ग होता. बचावाचा मार्ग उपलब्ध आहे. भारतात २००२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेले हिपॅटायटिस-बीचे लसीकरण २०११ पासून देशभर राबवले जात आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली पहिली मात्रा अत्यंत महत्त्वाची ठरते. यकृतातील पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख वेळेत पटवून देणे, हेच या लसीचे कार्य होय.