ओल्या भिंतीचा इतिहास

१/ नव्या गिलाव्यावर रंग केव्हा द्यावा, यावरून घरमालक आणि गवंडी यांच्यात आजही वाद होतो. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला असतो, भिंत मात्र ओलीच असते. या वादामागे गिलाव्याचा मोठा इतिहास आहे. भिंतीचे द्रव्य बदलले, की तिच्यासाठी थांबण्याची रीतही बदलते. त्याविषयी हा धागा.

२/ आरंभ अजिंठ्यापासून करू. तेथील चित्रांना आपण सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतो, ते अचूक नाही. फ्रेस्को म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावरील चित्रण. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडकावर माती, वनस्पतींचे तंतू आणि भाताचे तूस यांचा लेप दिला, त्यावर पातळ पांढरा थर चढवला आणि तो वाळल्यावरच चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले.

३/ पुढे वाडे, देवळे आणि किल्ले यांच्या बांधकामात चुन्याचे राज्य होते. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून घाण्यात मळत. मावळातील तिकोना किल्ल्यावर असा घाणा आजही पाहता येतो: वर्तुळाकार चर आणि त्यातून फिरवायचे जड दगडी चाक.

४/ चुन्याचा गिलावा नुसता वाळून घट्ट होतो असे वाटते. प्रत्यक्षात तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळची चुनखडीच, बनत जातो. ही क्रिया पृष्ठभागाकडून आतल्या बाजूस, महिनोन्‌महिने चालते. म्हणून अशा भिंतीला हवा मिळत राहावी लागते.

५/ तिच्यावरचा रंगही तिच्याच जातीचा असे. पातळ चुन्याचा हात ताज्या गिलाव्यावरही चालतो, कारण दोघांची घट्ट होण्याची क्रिया एकच. शिवाय तो आतली ओल कोंडत नाही. छटा हवी असल्यास गेरू किंवा पिवळी माती, पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ, अंगाला लागू नये म्हणून डिंक. चुन्याची दाहकता सोसणारेच रंग यात टिकत. जुन्या घरांच्या मातकट रंगसंगतीचे हे एक कारण.

६/ हाच चुना एकदा सक्तीनेही घरात शिरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या समितीची शोधपथके घरांत घुसू लागली. त्यांच्यामागून घरे निर्जंतुक करून चुना फासणारी पथके येत. चुना जंतुनाशक आहे, हे खरे. परंतु उंदरांवरील पिसवांची भूमिका सिमों या फ्रेंच वैद्यकाने मांडली ती १८९८ मध्ये.

७/ सणापूर्वी स्वहस्ते द्यायचा चुन्याचा हात अशा रीतीने सरकारी हुकमाची खूण ठरला. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यामागील संतापात देवघरापर्यंत पोहोचलेल्या परक्या पावलांचा वाटा मोठा होता.

८/ मग सिमेंट आले. जोसेफ ॲस्पडिन याने इंग्लंडमध्ये १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले; पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. सिमेंट पाण्याशी संयोग पावून कठीण होते. म्हणून नव्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे लागते. येथे घाईने वाळवणे हाच दोष.

९/ रंगही बदलले. चुन्यानंतर खडू व सरस यांचे डिस्टेंपर, मग तेलमिश्रित डिस्टेंपर, पुढे प्लास्टिक रंग. एशियन पेंट्सची स्थापना मुंबईत १९४२ ची. तिच्या जाहिरातींतला खट्याळ ‘गट्टू’ आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये रेखाटला. तयार रंगाचा डबा घरोघरी पोहोचला. पण नव्या गिलाव्यावर लगेच हात मारण्याची चुन्याच्या काळातील मुभा त्या डब्यात नव्हती.

१०/ कारण ताज्या सिमेंटमधील अल्क आणि रंगातील तेल एकत्र आले, की अक्षरशः साबण तयार होतो. रंग चिकट होतो, पोपडे सुटतात. ओल बाहेर पडताना क्षार घेऊन येते आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. म्हणून पाणी मारणे थांबल्यावर साधारण ४ आठवडे, पावसाळ्यात त्याहून अधिक, भिंत उघडी ठेवावी. नंतर काचकागदाने घासणे, अल्क सोसणारा प्रायमर, लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात.

११/ आज खरी हानी जुन्या वाड्यांची होते. मऊ विटा किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतींवर डागडुजी म्हणून सिमेंटचा गिलावा चढतो, त्यावर प्लास्टिक रंग. जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतच क्षार साठवते आणि भिंत आतून भुगा होत जाते. बाहेरून वाडा नवा दिसतो. अशा वास्तूला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचाच हात द्यावा.

१२/ नव्या घरासाठी एक साधी परीक्षा. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव धरले, तर भिंत अजून तयार नाही. मुहूर्त वास्तुशांतीला गाठावा. रंगाचा दिवस भिंतीलाच ठरवू द्यावा.