नट आणि मालक

नटानें धंदा करावा कीं नाहीं, हा प्रश्न आजकाल असा विचारला जातो कीं जणूं तो कालच उपस्थित झाला. एकादा नट चित्रपटसंस्था काढतो, एकादी नटी आपल्या नांवाचीं वस्त्रें व सुगंधी द्रव्यें विकते, आणि आपण तिकडे कांहीं कौतुकानें, कांहीं शंकेनें पाहतों. महाराष्ट्राला मात्र हा प्रश्न शतकाहून अधिक काळ परिचयाचा आहे. आपल्या संगीत रंगभूमीवर नट हाच पुष्कळदां नाटकमंडळीचा मालक असे, आणि पोशाख कसा असावा हेंहि समाज त्याच्याकडे पाहूनच शिके. कला, व्यवहार आणि शोभा या तीन गोष्टी एका माणसाच्या हातीं आल्या म्हणजे काय होतें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. त्यासाठीं बालगंधर्वांच्या चरित्राइतकें बोलकें उदाहरण दुसरें नाहीं.

आरंभ अर्थात् अण्णासाहेब किर्लोस्करांपासून केला पाहिजे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चा प्रयोग झाला. अण्णासाहेब नाटक लिहीत, स्वतः रंगभूमीवर उभे राहत आणि मंडळीचा कारभारहि पाहत. १८८२ सालीं त्यांचें 'सौभद्र' आलें आणि मंडळीचा जम बसला. १८८५ सालीं, 'रामराज्यवियोग' अपुरें असतांनाच, ते वारले. पण मंडळी बुडाली नाहीं. भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट होता, पुढें देवलांचें 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि व्यवस्थापक बदलत गेले तरी गाडा चालू राहिला. संस्थापकाच्या मागें टिकते ती संस्था, ही गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवावी.

नाटकमंडळी म्हणजे काय प्रकरण होतें, याची कल्पना आजच्या पिढीला सहसा येत नाहीं. तें एक फिरतें बिऱ्हाड होतें. नट, गवई, साथीदार, रंगारी, सुतार, आचारी, पाणके अशीं सर्व माणसें एका पंक्तीला जेवत. पडद्यांचीं गुंडाळीं आणि पोशाखांच्या पेट्या घेऊन हें बिऱ्हाड गांवोगांव आगगाडीनें हिंडे. उत्पन्न यावयाचें तें खेळाच्या रात्रीं, आणि खर्च मात्र रोजचा. मुख्य नटाचा गळा बसला तर शंभर माणसांच्या चुलीची काळजी. अशा मंडळीचा मालक होणें म्हणजे एका मोठ्या एकत्र कुटुंबाचा कर्ता होणें होय.

नारायण श्रीपाद राजहंस १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. 'बालगंधर्व' हें नांव त्यांना बाळपणींच लोकमान्य टिळकांच्या तोंडून मिळालेलें होतें. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग व्हावयाचा होता, आणि त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द झाला नाहीं. भामिनीच्या वेषांत ते प्रेक्षकांसमोर उभे राहिले. ते त्या वेळीं मालक नव्हते, पगारी नट होते. मंडळीचें नुकसान होऊं नये आणि आलेला प्रेक्षक परत जाऊं नये, ही त्यांची उपजत वृत्ति. त्यांचें सारें मोठेपण या वृत्तींत आहे, आणि त्यांच्या पुढील आपत्तीचें बीजहि हिच्यांतच आहे.

१९१३ सालीं त्यांनीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटकमंडळी स्थापन केली. ही वांटणी पाहण्यासारखी होती. टेंबे संगीताचे जाणकार. 'मानापमाना'च्या चाली त्यांच्याच. बोडस गद्य नटांत अग्रेसर आणि शिस्तीचे भोक्ते. नारायणरावांपाशीं गळा, रूप आणि लोकप्रियता. तिघांनीं एकमेकांना आवरून धरावें, अशी ही रचना होती. परंतु प्रथम टेंबे बाहेर पडले आणि पुढें बोडसहि गेले. १९१९ सालीं 'एकच प्याल्या'चा सुधाकर बोडसांनीं रंगविला होता. पण त्यानंतर ती भागीदारी फार काळ राहिली नाहीं. मालकी एकट्या नारायणरावांकडे आली, आणि तिजबरोबर एकटेपणहि आलें.

आतां शोभेविषयीं. बालगंधर्वांचीं उंची लुगडीं, दागिने, अत्तरें यांच्या कथा घरोघरीं सांगितल्या जात. त्यांचें लुगडें नेसणें, केसांची रचना, फुलें माळण्याची तऱ्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया निरखून पाहत आणि उचलीत. पुरुषानें धारण केलेला स्त्रीवेष कुलीन स्त्रियांना आदर्श वाटावा, हा आपल्या सामाजिक इतिहासांतील एक विलक्षण प्रकार आहे. त्यांच्या छबी बाजारांत विकल्या जात, जाहिरातींतहि झळकत. मात्र ही शोभा निव्वळ हौसेची नव्हती. त्याच बालगंधर्वांनीं सिंधूची भूमिका फाटक्या, ठिगळ लावलेल्या लुगड्यांत केली. भामिनीला भरजरी आणि सिंधूला ठिगळ, दोन्ही तितक्याच निष्ठेनें. वेष हा त्यांच्या लेखीं भूमिकेचाच भाग होता.

निष्ठा खर्चिक असते. 'द्रौपदी' नाटकांतील मयसभेसाठीं केलेला थाट त्या काळीं लोकांच्या तोंडीं झाला होता. तबल्यास अहमदजान थिरकवा, सारंगीस कादरबक्ष, चाली भास्करबुवा बखल्यांच्या; सर्वोत्तमाखालीं तडजोड नाहीं. आल्यागेल्याला ते "देवा" म्हणत, आणि पंक्तीला कोण बसला आहे याचा हिशेब विचारीत नसत. १९२१ च्या सुमारास कर्जाचा आंकडा लाखावर गेला होता. त्याच वर्षीं ८ जुलै रोजीं मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहांत टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. स्वतः कर्जांत असलेला नट लोककार्यासाठीं उभा राहिला आणि देणाऱ्यानें किती द्यावें याचा पाठ सर्वांना मिळाला. पुढें वर्षानुवर्षें खेळ करून त्यांनीं तें कर्ज फेडलें, हें त्यांच्या प्रामाणिकपणाला भूषणावह आहे.

परंतु तोंवर काळच बदलला होता. १९३१ सालीं बोलपट आला आणि नाट्यगृहें एकामागून एक चित्रपटांकडे गेलीं. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटांत नारायणरावांनीं संत एकनाथांची भूमिका केली. पण समोर प्रेक्षक नाहीं, 'वन्स मोअर' नाहीं, अशा ठिकाणीं त्यांचा जीव रमला नाहीं, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढें संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ सालीं आणि पद्मभूषण १९६४ सालीं मिळालें. उत्तर आयुष्य मात्र ओढगस्तीचें गेलें. १५ जुलै १९६७ रोजीं त्यांचें निधन झालें.

'संयुक्त मानापमाना'तील धैर्यधर, केशवराव भोसले, यांची कथा शेजारीं ठेवली म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेहि गायक नट, तेहि मालक. त्यांनीं १९०८ सालीं ललितकलादर्श मंडळी काढली. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, ते वारले. तरीहि बापूराव पेंढारकरांनीं मंडळी चालविली, मामा वरेरकरांचें 'सत्तेचे गुलाम' १९२२ सालीं रंगभूमीवर आणलें, आणि त्यांच्या मागें भालचंद्र पेंढारकरांनीं तें नांव पुढें नेलें. केशवरावांचा गळा कांहीं त्यांच्या मागें राहिला नव्हता. मंडळी सांभाळणारीं माणसें आणि नवीं नाटकें मात्र होतीं.

श्रोतेहो, बालगंधर्वांनीं खर्च केला नसता तर ते श्रीमंत झाले असते, असें म्हणणें सोपें आहे. पण मग ते बालगंधर्व राहिले असते काय? अत्तराची कुपी मोजून उघडणारा नट भामिनी उभी करूं शकत नाहीं. उणें होतें तें दुसरीकडे. बोडस व टेंबे गेल्यावर मालकाला "नाहीं" म्हणूं शकेल असा अधिकारी माणूस मंडळींत उरला नाहीं. नटाला उदार असण्याचा हक्क आहे. परंतु शंभर माणसांची भाकरी ज्याच्या हातीं आहे त्या मालकाला तो हक्क एकट्याच्या मर्जीनें बजावतां येत नाहीं. आज जे कलावंत आपल्या नांवावर व्यवसाय उभारीत आहेत, त्यांनीं बालगंधर्वांपासून निष्ठा अवश्य घ्यावी, आणि खतावणी मात्र अशा माणसाच्या हातीं द्यावी कीं ज्याला त्यांच्या टाळ्यांची भूल पडणार नाहीं.